लायसनवरचा शेरा

"लायसन ठेवू की गाडी ठेवू, तूच सांग," हवालदार म्हणाला. आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला भांडताही येईना. मी तसा भांडखोर माणूस. समोरच्याने आवाज चढवला की मला बरं वाटतं, बोलायचं काय ते आपोआप सुचतं. हा बाबा मात्र आंब्याच्या सावलीत मोटारसायकलला टेकून उभा, हातात पावतीपुस्तक, आणि मला निवड करायला सांगत होता. किन्हवली मागे टाकून आम्ही शहापूरच्या दिशेने पाच-सहा किलोमीटर आलो असू. सकाळचे साडेदहा वाजले होते.

गाडी माझी नव्हती. ती दाजींची होती, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. खाजगी जीप, भाड्याची नव्हे. क्लच सरकत होता, आणि दाजींचा विश्वास होता शहापूरच्या एकाच मिस्त्रीवर. "तुला टाइम आहे, तूच जाऊन ये," असं ते म्हणाले. मला खरंच टाइम होता, कारण विटांच्या ट्रकवरचं काम मी आठ दिवसांपूर्वीच सोडलं होतं. मालकाला वर दोन शब्द ऐकवूनही आलो होतो. कारण मला नोकरी लागल्यात जमा होती.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. एका सरकारी खात्यात ड्रायव्हरची भरती निघाली होती. लेखी झाली, डोळे तपासून झाले, ठाण्याला मैदानात गाडी चालवून दाखवायची होती तीही पास झालो. रिव्हर्समध्ये आठचा आकडा काढताना एकही खांब पाडला नाही, ह्याचा मला आजही अभिमान आहे. आता राहिली होती फक्त कागदपत्रांची तपासणी, पुढच्या सोमवारी. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, मूळ कागदपत्रांशिवाय उमेदवाराचा विचार होणार नाही. आणि मला वयाची अट पुढच्या महिन्यात लागणार होती. पुन्हा कधी भरती निघाली असती तर मी तिच्यात बसलोच नसतो. आमच्या घरात पगाराचं माणूस कोणी नव्हतं. आईने तर शेजारी सांगूनही टाकलं होतं.

तर त्या मंगळवारी सकाळी मी धसईहून रिकामी जीप घेऊन निघालो. रिकामी म्हणजे निघताना रिकामी. आमच्याकडे रस्त्याला माणूस उभा असताना गाडी तशीच पुढे नेली तर त्याचा अर्थ एकच होतो, की ह्याला माज आला. मग चार दिवसांनी त्याच्या घरासमोरून जाताना मान खाली घालावी लागते. त्यामुळे सरळगावला फाट्यावर पोचेपर्यंत गाडीत सात जण झाले होते. सगळे ओळखीचे, दोघं तर आमच्याच पाड्यातले.

त्या दोघांत एक काकी होती. सख्खी नव्हे, आमच्या शेजारची, पण लहानपणापासून तिच्या घरी जेवलोय. नवरा लवकर गेला, तिने दुसऱ्यांच्या शेतात लावणी करून दोन मुली उजवल्या. धाकटी शहापूरकडे दिली होती, ती बाळंत झाली होती म्हणून काकी निघाली होती. पाड्यात काकीच्या शब्दाला वजन होतं. बांध कोणी कोरला, गाय कोणाच्या वाफ्यात शिरली, असलं भांडण लागलं की लोक म्हणायचे, काकीला विचारा. तिने पाहिलं म्हणाली तर पाहिलं, नाही म्हणाली तर नाही. भांडण तिथेच मिटायचं.

गाडीत बसता बसता तिने वालाच्या शेंगांची एक पिशवी आणि एक दुधी माझ्या पायाशी ठेवला. "आयशीला दे," म्हणाली. हे आमच्याकडे असंच चालतं. कोणाच्या गाडीत बसलं तर पैसे काढायचे नाहीत. पैसे काढले तर गाडीवाल्याला राग येतो, मी काय तुला भाडोत्री वाटलो का म्हणून. पण हात हलवत बसायचंही नाही. काहीतरी ठेवायचं, काकडी असो, सुकटीचा वाटा असो, नाहीतर ओंजळभर तांदूळ. ते भाडं नसतं, तो मान असतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

हवालदाराने हात दाखवला तेव्हा मला काही भीती वाटली नाही. कागद पुरे होते, लायसन खिशात होतं, मी प्यालेलो नव्हतो. खाजगी गाडीत लोक भरले की काय सांगायचं तेही सगळ्यांना पाठ होतं.

"कोण रे हे?" हवालदाराने विचारलं.

"पाव्हणे, साहेब."

"सगळे?"

"सगळे," मागून तिघं-चौघं एका सुरात म्हणाले.

तो हसला. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "काय मावशी, भाच्याने फुकट बसवलं होय गाडीत?"

बस, इथे सगळं संपलं. तो शब्द तिला लागला. मला आरशात तिचा चेहरा दिसला आणि मला कळलं की आता ही बोलणार. काकीने आयुष्यात कोणाच्या घरचा चहाही परतफेड केल्याशिवाय घेतला नव्हता, आणि हा खाकीतला परका माणूस तिला सात जणांत फुकटी म्हणत होता.

"फुकट कोण बसतंय?" काकी म्हणाली. "आमी नाय फुकट बसत कोणाच्या गाडीत. शेंगा दिल्यात, दुधी दिलाय. बघा, तो बघा पायाशी."

हवालदाराने वाकून बघितलं. दुधी होता.

मी म्हटलं, "काकी, तू गप बस." पण तोवर बाकीच्यांनाही स्वतःची अब्रू आठवली. एकटी काकी देणारी आणि आपण फुकटे, असं कसं चालेल? एक म्हातारा म्हणाला, त्याने मागच्या बाजाराला मला सुकट दिली होती. पाड्यातला दुसरा गडी म्हणाला, आमी तांदूळ दिले व्हते दिवाळीला, आठवतात ना रे तुला? मला विचारत होता, साक्ष काढत होता माझीच. दोन मिनिटांपूर्वी सगळे माझे पाव्हणे होते, आता सगळे गिऱ्हाईक झाले. मी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. हसू की रडू ते कळेना, आणि राग काढावा असा एकही माणूस त्या गाडीत नव्हता, कारण एकही जण खोटं बोलत नव्हता.

हवालदार म्हणाला, "बघ, मी सोडणार होतो तुला. पण आता सगळ्यांसमोर बोलले हे. खाजगी गाडीत मोबदला घेऊन माणसं नेतोस. पैसे काय नि दुधी काय." मग त्याने तो प्रश्न विचारला, लायसन की गाडी.

गाडी जमा झाली असती तर ती कोर्टातून सुटेपर्यंत चौकीच्या आवारात उन्हात उभी राहिली असती, आणि माझ्या बहिणीला सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं, तुझ्या भावाने गाडी घालवली म्हणून. मी लायसन काढून दिलं. प्लास्टिकच्या पाकिटासकट दिलं. त्याने लिहिलेली पावती मला दिली आणि म्हणाला, ह्याच्यावर गाडी चालवता येईल, घाबरू नको, तारखेला कोर्टात ये. तारीख होती पुढच्या गुरुवारची. माझी तपासणी सोमवारी. मी त्याला सोमवारचं सांगितलं, पत्रातला मजकूर शब्दन् शब्द म्हणून दाखवला. त्याने ऐकून घेतलं, चेहरा खरंच पडला त्याचा. "आधी सांगायचं ना," म्हणाला. "पावती फाडली आता. नंबर पडतो तिच्यावर."

शहापूरला उतरताना काकी म्हणाली, "माझं काय चुकलं का रे?" मी म्हटलं, "नाय काकी." दुसरं काय म्हणणार? मनातून मला ओरडावंसं वाटत होतं. मिस्त्रीकडे गाडी लावली आणि त्याच्या दुकानामागे जाऊन मी एकट्यानेच दोन शिव्या हासडल्या, कोणाला ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी एसटीडी बूथवरून ठाण्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पावती चालणार नाही, मूळ लायसन पाहिजे. बुधवारी चौकीवर गेलो. ते म्हणाले, लायसन कोर्टात पाठवलंय. तसाच कोर्टात गेलो, तिथला कारकून म्हणाला, कागद येतायत, आज वहीत चढायचेत. गुरुवारी पुन्हा गेलो. धसईहून सरळगाव, सरळगावहून गाडी बदलून शहापूर, अर्धा दिवस जायचा नुसता प्रवासात. प्रत्येक ठिकाणी माणसं नीट बोलली, हे लिहून ठेवतो. कोणी हाडतूड केली नाही. एखादा खेकसला असता तर मी त्याच्याशी भांडून मोकळा तरी झालो असतो. नियम सगळ्यांचे बरोबर होते, आणि सगळे नियम मिळून माझं वाटोळं करत होते.

कारकुनाला माझी दया आली. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने बाजूला घेऊन सांगितलं, "अर्ज दे, मी उद्या शुक्रवारी साहेबांसमोर ठेवतो. पण ऐक. गुन्हा कबूल म्हणालास तर दंड भरून लायसन उद्याच हातात. नाकबूल म्हणालास तर केस चालणार, साक्षी होणार, लायसन इथेच."

"आणि कबूल केल्यावर पुढं काय?"

"लायसनवर गुन्ह्याचा शेरा मारायचा की नाही, ते साहेबांच्या मनावर. बहुतेक वेळा मारत नाहीत. मारला तर मारला."

शनिवार-रविवार कोर्ट बंद. म्हणजे शुक्रवार एवढाच दिवस होता. मी रात्रभर काही विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कबूल म्हणायचं आणि लायसन घेऊन यायचं.

शुक्रवारी सकाळी कोर्टाच्या पायरीवर काकी बसलेली. नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी. मुलीकडून आली होती. तिला कोणी सांगितलं देव जाणे, बहुतेक त्या दुसऱ्या गड्याने. मला बघून उभी राहिली. "मी सांगते साहेबाला," म्हणाली. "माझ्या हाताने दिलं, तू मागितलं नायस. माझ्यामुळं झालंय तर मीच सांगनार."

मी तिला समजावलं. काकी, काही बोलायचं नाय, बोललीस तर काम बिघडेल, तू फक्त बस. ती मान हलवत होती. पण ज्या बाईच्या एका शब्दावर गावातली भांडणं मिटतात तिला, बोललं तर बिघडेल, हे पटणार कसं? मला वाटलं होतं, कोर्ट बघून ती बुजेल.

माझं नाव पुकारलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. आत पंखा फिरत होता आणि बाकांवर आमच्यासारखेच लोक होते, हेल्मेटवाले, ट्रकवाले. साहेब तरुण होते. त्यांनी कागद वाचला. "खाजगी वाहनातून मोबदला घेऊन प्रवासी वाहतूक. कबूल आहे?"

"कबूल आहे, साहेब."

"मोबदला घेतला होता?"

"घेतला होता."

आणि मागून काकी उठली. "नाय घेतला, साहेब. त्याने नाय मागितलं. मी माझ्या मर्जीने दिलं, त्याच्या आईसाठी."

शिपाई तिच्याकडे धावला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. आता मला वाटतं, त्यांनी थांबवलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्यांना खरं ऐकायचं होतं. त्यांनी तिला पुढे बोलावलं, नाव विचारलं, गाडीत होतीस का विचारलं. तिने सगळं सांगितलं, एक अक्षर कमी-जास्त नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"ही बाई म्हणते, तुम्ही मोबदला म्हणून काही घेतलं नाही. हे खरं असेल तर मी तुमची कबुली लिहून घेऊ शकत नाही. मग केस चालेल, ह्यांची साक्ष होईल. तुम्ही काय म्हणता? बाई खरं बोलते का?"

मी काकीकडे बघितलं नाही. समोरच्या टेबलाची कड बघत राहिलो. मला ट्रकचा मालक आठवला, त्याला ऐकवलेले दोन शब्द आठवले. आई आठवली. सोमवार आठवला. साहेब वाट बघत होते, कारकून चष्म्यावरून बघत होता, आणि त्याने अगदी बारीक, नाही म्हण अशी मान हलवली.

"खोटं बोलते, साहेब," मी म्हणालो. "शेजारची आहे. मला वाचवायला बोलते."

बाकांवर कोणीतरी हसलं. साहेब काकीला म्हणाले, "कोर्टात खोटं बोलणं गुन्हा आहे बाई, वयाकडे बघून सोडतो. बसा जाऊन." काकी बसली नाही. ती बाहेर गेली.

दंड भरला. तासाभराने लायसन हातात आलं. मागच्या पानावर निळ्या शाईत दोन ओळींचा शेरा होता, खाली सही आणि गोल शिक्का. कारकून म्हणाला, "आज मारला बघ त्यांनी. ती बाई बोलली ना, मग त्यांनी जरा मनावर घेतलं." तो मला सोडायला पायरीपर्यंत आला. काकी तिथे नव्हती. मी स्टँडवर तिला शोधलं, पण ती मुलीकडे परत गेली असावी.

सोमवारी ठाण्याला गेलो. रांगेत माझा नंबर अकरावा होता. समोरच्या अधिकाऱ्याने जन्माचा दाखला बघितला, शाळेचा बघितला, लायसन हातात घेतलं, फोटो आणि माझं तोंड ताडून बघितलं. मग पान उलटलं. शेरा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. बाजूच्याला दाखवला. मी सांगायला लागलो की साहेब, ते शेंगांचं होतं, दुधीचं होतं, आमच्याकडे अशी रीत आहे. त्याने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "पण तुम्ही कबूल केलंय ना कोर्टात?" मी हो म्हणालो. त्याने माझे कागद एकत्र करून टाचणी लावली आणि डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवले. उजवीकडचा गठ्ठा मोठा होता. पुढच्याचं नाव पुकारलं.

त्यानंतर चार दिवस मी घरातून फारसा निघालो नाही. आईला न सांगताच समजलं होतं. ट्रकच्या मालकाकडे परत जायला तोंड नव्हतं, तरी गेलोच. त्याने ठेवून घेतलं, पण पूर्वीची गाडी दिली नाही.

काकी पंधरा दिवसांनी मुलीकडून परत आली. त्या पंधरा दिवसांत पाड्यात गोष्ट पसरली होती, की काकीला कोर्टात साहेबाने खोटारडी म्हणून हाकललं. कोणी मुद्दाम पसरवली नसेल, पण त्या बाकांवर आमच्या बाजूचंही कोणीतरी बसलेलं असणारच. त्याच आठवड्यात वरच्या अंगाला दोन भावांत बांधावरून वाजलं. काकीने त्यांना सांगायला तोंड उघडलं तर थोरला म्हणाला, तू राहू दे काकी, तलाठ्याला बोलावू. हे मला आईने सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

मी संध्याकाळी तिच्या अंगणात गेलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती. वर बघून म्हणाली, "ये. बस." मी बसलो नाही.

तिनेच विचारलं, "झालं ना तुझं काम? लागली ना नोकरी?"

"नाय लागली, काकी."

सूप थांबलं. आवाजात राग नव्हता, एसटी किती वाजता आहे असं विचारावं तसं तिने विचारलं.

"मग मला खोटी कशाला पाडलीस रे?"

ती परत तांदूळ पाखडायला लागली.